पेरभर अंतरावरून दिसलेला शनी

भाऊ,

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेवढं पोटात घाला. चौथीनंतर मी लिहिलं ते बँकेतली सही आणि मासळीचा भाव, त्यापलीकडे काही नाही. जोडाक्षर आलं की पेन थांबतं. ही वही बोईसरच्या बाजारातून आणली. दुकानदाराने विचारलं, "मौशी, कौनसी क्लास के लिए?" मी म्हटलं, "चौथी." खोटं नव्हतं ते.

दुपारची वेळ आहे. बोंबील काठीवर वाळत घातलेत आणि कावळे हाकलायला मी ओट्यावर बसले आहे. घरात कोणी नाही म्हणून लिहायला धीर आला. तुमच्यासमोर माझ्या तोंडून 'हो', 'नाय' आणि 'येते' याच्या पुढे फारसं काही निघत नसे. वहिनी म्हणायच्या, हिला बोलायचे पैसे पडतात.

तुम्हांला एक गोष्ट सांगायची होती. दोन वर्षं रोज संध्याकाळी तुमच्या फाटकाशी येताना ती तोंडात घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. भाऊ, त्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही मला शनी दाखवलात, मी 'दिसला' म्हटलं. गुरू दाखवलात, त्याचे चार चांद दाखवलेत, मी 'दिसले' म्हटलं. मला काही दिसलं नव्हतं. एकदाही नाही.

आता तुम्ही गेलात आणि ते माझ्यापाशीच राहिलं.

सुरुवात पाण्यापासून झाली होती. बोईसरला मासळी विकून, चिंचणीच्या नाक्यावर रिक्षातून उतरून मी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी चालत यायची, तेव्हा तुमची वाडी मध्ये लागायची. पंपावर पाणी प्यायला मी थांबायची. वहिनी तांब्या आणून द्यायच्या. वादळात तुमची दोन चिकूची झाडं पडली, तिथे आभाळ मोकळं झालं, आणि त्या जागेवर तुम्ही ती दुर्बीण उभी केलीत. जाड पाइपाची, खाली प्लायवूडची गोल बैठक. मला आधी वाटलं, बोअरिंगचं काहीतरी काम चाललंय.

"यमुने, ये. शनी आलाय."

"मासळीचा हात हाय, भाऊ."

"हाताने बगायचं नाय. डोळ्याने बगायचंय."

त्या दिवशी पालघरच्या शाळेतले दोन मास्तर आले होते. ते एकामागून एक वाकले आणि 'वा, वा' म्हणाले. मग माझी पाळी आली. मी हात पाठीमागे घेतले, पदर नाकातोंडावर धरला. दिवसभर बाजारात बसलेली मी. माझ्या अंगाचा वास तुमच्या त्या काचेला लागेल, पापणीला चिकटलेला खवला तिच्यावर पडेल, अशी भीती वाटत होती. तुम्ही आम्हांला सगळ्यांना सांगितलं होतं, काचेला बोट लागू देऊ नका, डाग पडला की जन्मभर राहतो. म्हणून मी वीतभर लांबच थांबले. समोर काळं भोक, त्यात कुठेतरी उजेडाचा एक ठिपका, तोही मान हलली की पळायचा.

"दिसलं कडं?"

तुमचं तोंड तेव्हा असं झालं होतं की जणू तो शनी तुम्हीच रात्रभर बसून घडवलाय. मास्तरही बघत होते.

"दिसलं," मी म्हटलं.

"कसं हाय?"

तुम्हीच मघाशी मास्तरांना सांगत होतात, तेच मी उचललं. "बांगडीसारखं."

एकदा तोंडातून गेलं की कसं परत घेणार? दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा हाक मारलीत. तिसऱ्या दिवशी तर मी यायच्या आधीच दुर्बीण लावून ठेवलेली. एकदा तुम्ही दिवा आणायला आत गेलात, तेव्हा मी धीर करून जवळ गेले. चष्मा खटकन त्या नळीला लागला. घाबरून चष्मा काढला आणि पाहिलं, तर तारा बोंबलासारखा लांबडा, वाकडा. तुमच्या पायांचा आवाज आला तशी चष्मा लावून पुन्हा मागे सरले. वाटलं, ही गोष्ट शिकलेल्या माणसांची आहे. त्यांना बांगडी दिसते, आपल्याला बोंबील दिसतो, ठीक आहे.

मग एका संध्याकाळी मी नेहमीसारखी वाकले, नेहमीसारखं म्हटलं, "लय छान दिसतंय, भाऊ." मी पाटी उचलली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही वेगळंच विचारलंत.

"यमुने, तुझ्या चष्म्याचा कागद हाय का? नंबर लिवलेला?"

"कशाला?"

"आण तर."

मी तो कागद आणला. डब्यात पैशांसोबत ठेवलेला, घडीवर फाटलेला. तुम्ही तो उजेडाकडे धरून किती वेळ वाचलात. "सिलिंडर हाय तुझा," म्हणालात. मी म्हटलं, गॅस तर वहिनींनी कालच भरून घेतला. तुम्ही कपाळाला हात लावलात. मग समजावून सांगितलंत, की साधा नंबर असता तर चष्मा काढून, स्क्रू फिरवून काम झालं असतं. माझं बुबुळ एका बाजूने जास्त वाकलेलं, म्हणून चष्मा काढून चालायचं नाही. आणि चष्मा ठेवला तर दुर्बिणीच्या ज्या भिंगाला डोळा लावायचा, तिथपर्यंत डोळा पोचत नाही.

"हे जुनं भिंग हाय ना, त्याला डोळा इतका जवळ लागतो." तुम्ही वहिनींच्या सुपातला तांदळाचा दाणा उचलून दाखवलात. "दाण्याएवढ्या अंतरावर. चष्मेवाला तिथं जाईल कसा?"

महिन्याभराने ते नवीन भिंग आलं. लांबून बघायचं. डबीत, स्पंजमध्ये, अंड्यासारखं बसवलेलं. जुन्यापेक्षा किती जाड आणि जड! तुम्ही म्हणालात, "माज्यासाठी मागवलंय. वय झालं. डोळा चिकटवून बसायला नको वाटतं." मी ते खरं मानलं. तुमचं कोणतंही बोलणं मी खरंच मानायची.

त्या दिवशी पंचमीचा चांद होता, अजून उजेड पुरता गेला नव्हता. तुम्ही भिंगाच्या तोंडावरचं रबर दुमडून खाली केलंत, चष्म्याला ओरखडा पडू नये म्हणून. आणि अंगठ्याचं वरचं पेर दाखवलंत. "एवढ्या अंतरावर डोळा. जास्त पुढे नको, जास्त मागे नको." पण तुम्ही इतकं शेजारी उभं राहून सांगत होतात की मी भिंगाला घाबरायचं विसरले आणि एकदम पुढेच गेले. आत वालाच्या दाण्यासारख्या काळ्या सावल्या फिरायला लागल्या.

"काळं हाय, भाऊ."

आयुष्यात पहिल्यांदा तुम्हांला खरं सांगितलं ते हे.

"लय जवळ गेलीस. मागे ये. हळू. अजून जरा. थांब. आता हलू नको."

आणि चांद आला, भाऊ. एकदम सगळा आला. काठापासून काठापर्यंत, आणि मी माझ्या चष्म्यातून, माझ्या जागेवर उभी. ओहोटीनंतर पाणी गेलं की रेतीवर खळगे राहतात, त्यांच्या एका कडेला सावली असते, तसे खळगे. त्या सावलीत उजेडाचं एक टोक उभं होतं. तुम्ही म्हणालात, तो डोंगर, त्याच्या माथ्यावर तिथली सकाळ झालीय. चाळीस वर्षं मी चांदावरून भरती-ओहोटी काढली. अष्टमीला भांगाचं थोडं पाणी, पुनवेला उधाण. त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

मी रडले ते तुम्ही बघितलंत. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी तिकडे वळले, तर तुम्ही वहिनींना म्हणालात, "अगं, हिला डास चावला बहुतेक." मी हसले. पण तेव्हाच सांगायला हवं होतं, की भाऊ, आधीचं सगळं खोटं. जीभ उचललीच नाही. त्याऐवजी विचारलं काय, तर, "हे केवढ्याला पडलं?"

"तुला काय करायचंय?"

"सांगा तर."

"सात हजार."

मी मनात हिशेब केला. सात हजारांत आमच्या जाळ्याची दुरुस्ती होते. त्या रात्री मी विचार केला आणि दुसऱ्या दिवशी इतकं बोलले, इतकं तुमच्यासमोर कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, आमच्या नावेवर वाटे असतात. नावेच्या मालकाचा वाटा, खलाशांचा वाटा, आणि जाळं ज्याचं त्याचाही वाटा. नाव दुसऱ्याची असली तरी जाळं आपलं असेल, तर आलेली मासळी फुकटची नसते, हक्काची असते. दुर्बीण तुमची, ती नाव. हे भिंग माझं जाळं. त्याचे पैसे मी देणार.

"येडी हायस काय? मी माज्यासाठी घेतलंय."

"मग मला बोलावू नका."

तुम्ही वहिनींकडे बघितलंत. वहिनींनी तुमच्याकडे बघितलं. "बरं," म्हणालात. "जाळं तुजं. दर शनिवारी शंभर. पावसाळ्यात नावा बंद, तेव्हा नाय दिलेस तरी चालेल. आणि मासळी स्वस्त लावून ते पैसे यात कापायचे नाय. मासळी वेगळी, जाळं वेगळं."

तो सौदा तुम्ही शेवटपर्यंत पाळलात. एकदा मी सुरमईचे कमी लावले तर तुम्ही सुरमई परत केलीत.

आणि तुमचं स्वतःचं? तुम्ही बघताना चष्मा काढायचात, त्यामुळे त्या लांबच्या भिंगात तुमचा डोळाच ठरत नसे. तुमचं डोकं वाऱ्यावरच्या बगळ्यासारखं मागेपुढे व्हायचं. "कुठं गेला, आता होता," असं पुटपुटायचात. मग रबर वर करून, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भुवई टेकवायची सोय केलीत. मी आले की ती पट्टी काढायचात, गेले की लावायचात. जुनं भिंग खिशातच असायचं तुमच्या. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला एवढं पैशाचं भिंग नीट वापरता कसं येत नाही!

त्या दिवाळीनंतर शनी संध्याकाळी वर आला. मला वाटलं, आता ती बांगडी पाहू. मी पेरभर अंतरावर डोळा ठेवला, श्वास धरला. बारीक मणी, आणि त्यातून आरपार सुई.

"बांगडी कुठाय, भाऊ? ही तर सुई हाय. मण्यात खुपसलेली."

तुम्ही जे हसलात! अंगणातल्या पाटावर बसलात, खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसताय. वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. मी ओशाळले. वाटलं, काहीतरी अडाण्यासारखं बोलले. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "बरोबर हाय. अगदी बरोबर. आता कडं आडवं होत चाललंय, दर वर्षी बारीक दिसेल. मग पुन्हा उघडत जाईल. चार-पाच वर्षांनी बग, तेव्हा बांगडी."

चार-पाच वर्षांनी. किती सहज म्हणालात.

आपलं भांडणही अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणालात, चांद समुद्राला ओढतो. मी म्हटलं, ते कोणाला सांगता! पण चांद दिवसातून एकदा डोक्यावर येतो आणि भरती दोनदा येते, ती दुसरी कोण ओढतो? तुम्ही टोप आणलात, पाणी घातलंत, लिंबू तरंगत सोडलंत. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगतं म्हणालात. मी म्हटलं, ओढणारा इकडे आणि फुगणार तिकडे, हे मला नाय पटत. वहिनी म्हणाल्या, लिंबू द्या, सरबत करते. तुम्ही चिडून म्हणालात, "उद्या ये, चित्र काढून दाखवतो. नाय पटलं तर मिशा काढीन."

ते उद्या झालंच नाही. बोईसरच्या बाजारात मी बसले होते. समोर मुशी कापायला घेतलेली. आपल्या नाक्यावरचा रिक्षावाला आला आणि म्हणाला, "यमुनाताई, वाडीतले भाऊ गेले. सकाळी चिकू उतरवून घेताना खालीच बसले, ते उठलेच नाय." मी सुरी धरून तशीच बसले. गिऱ्हाईक म्हणत होतं, "मौशी, जल्दी करो." मी ती मुशी कापून दिली, भाऊ. पैसेही घेतले. मग पाटी उचलून निघाले.

मी आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. पालघरचे मास्तर होते, तुमचे कारखान्यातले जुने सोबती होते, पांढरे कपडे घातलेले. माझ्या लुगड्याला मासळीचं पाणी. मी फाटकाच्या आत गेले नाही. आंब्याखाली उभी राहिले, पदर तोंडावर धरून. तिथून पाठी दिसत होत्या, मध्येच हार दिसला, तुमच्या पायाचा अंगठा दिसला. तोंड नाही दिसलं. माणसं हलली की वाटायचं, आता दिसेल. मग दुसरं कोणीतरी मध्ये यायचं.

तुम्ही असता तर हाक मारली असती. "लांब उभी का? ये." तुम्हीच तर आडवे होतात.

घरी जाऊन अंघोळ केली आणि तशीच ओल्या केसांनी परत निघाले. फाटकापर्यंत आले तोवर तुम्हांला नेलं होतं. त्या दिवसाचा राग मला अजून आहे. तुमच्यावर नाही, माझ्यावर. मासळीचा वास काय त्या दिवशीच आला होता? वीस वर्षं तुमच्या घरात माझ्याच हातची मासळी शिजत होती.

मग तेरा दिवस तुमच्या घरात मासळी नव्हती. मी फाटकाजवळ आले की पाटीवर गोणपाट टाकायची आणि रस्त्याच्या पलीकडून जायची. पाणी प्यायला थांबले नाही. दुर्बिणीवर जुनी चादर बांधलेली दिसायची. संध्याकाळी वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोक्यावर पाटी असली तरी डोळे जातातच. पश्चिमेला समुद्रावर शनी उतरत होता. दक्षिणेला कारखान्यांचा तो उजेड, ज्याला तुम्ही शिव्या द्यायचात. मीही एक दिली, तुमच्या वाटची.

सहाशे रुपये राहिले होते. मला वाटायचं, शेवटचे शंभर देईन त्या शनिवारी सगळं सांगून टाकीन. हिशेब पुरा झाला की माझी मान वर असेल, मग खोटं कबूल करता येईल, असं मी मनाशी धरलं होतं. म्हणून थांबले होते. तुम्ही थांबला नाहीत.

काल चौदावा दिवस. मी पलीकडून चालले होते, तर वहिनींची हाक आली.

"अगो यमुने! पुढं कुठं? पाणी नको तुला?"

मी आत गेले. त्या पंपाजवळ उभ्या होत्या. किती बारीक झाल्यात! तांब्या घेतला, प्याले. मग पोलक्यातून नोटा काढल्या. सहाशे जमवायला दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बसले होते. त्या हातात धरूनच मी वहिनींना सांगून टाकलं. सगळं. पदर धरून लांब उभी राहायची ते, मास्तरांसमोरची बांगडी, तो बोंबलासारखा तारा. म्हटलं, व्हैनी, मी भाऊंना फसवलं. पुरा एक हिवाळा. आणि ते गेले, त्यांना ठाऊकच नाय.

वहिनी पाटावर बसल्या, जिथे तुम्ही हसत बसला होतात.

"अगो येडे, त्यांना ठाऊक होतं."

"कसं?"

"एकदा दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढायला इसरले होते. वरच्या छोट्या नळीतून शनी लावला आणि तुला हाक मारली. तू डोळा लावलास, म्हणालीस, लय छान दिसतंय. तू गेलीस नि हे वाकले, तर आत मिट्ट काळोख."

मला फाटकातून पळून जावंसं वाटलं. "मग हसले असतील."

"नाय गो. जेवले नाय नीट. म्हणाले, दोन महिने ती माज्यासाठी दिसलं दिसलं म्हणतेय, आणि मी तिला एकदा जवळ उभं राहून बगितलं नाय. दुसऱ्या दिवशी तुजा कागद मागितला. ते भिंग त्यांना नको होतं, यमुने. त्यांचा डोळा त्यात बसतच नसे, तू बगितलंयस ना?"

मग मला ती सुई आठवली. तुमचं ते हसणं आठवलं, पाटावर बसून, खोकेपर्यंत. माझ्या तोंडून बांगडी गेली आणि सुई आली, म्हणून हसत होतात तुम्ही. आणि एकदाही, भाऊ, एकदाही तुम्ही मला ते कळू दिलं नाहीत. मी दोन वर्षं तुमच्यापासून लपवत होते, आणि तुम्ही ते लपवणं माझ्यासाठी सांभाळत होतात.

मी तिथेच खाली बसून रडले. वहिनीही रडल्या. या वेळी डास चावला असं कोणी म्हटलं नाही.

मग मी नोटा पुढे केल्या. मला वाटलं, त्या नको म्हणतील. विधवेच्या हातात सुतक फिटल्याच्या पहिल्याच दिवशी पैसे कसले ठेवतेस, म्हणतील. वहिनींनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"दे. ते बोलले होते मला, भिंग आलं तेव्हाच. यमुना पैसे आणील, तू मध्ये नाय म्हणू नको. नाय म्हटलंस तर ती पुन्हा दारात थांबायची नाय."

त्यांनी बोट ओलं करून नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या, तुम्ही मोजायचात तशा, उजेडाकडे धरून. आत जाऊन भिंगाची ती डबी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. माझे हात मासळीचे होते. मी ते पाठीमागे नेले नाहीत.

"सात हजार पुरे झाले," वहिनी म्हणाल्या. "जाळं तुजं, यमुने."